इंटरनेटच्या मूळ नोंदवहीचे नियंत्रण : विश्वास, कंत्राट आणि तह – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या तारा देशांच्या सीमा ओलांडू लागल्या तेव्हा राज्यांनी त्यासाठी तह केला. १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे २० राज्यांनी आंतरराष्ट्रीय तार-तहावर स्वाक्षऱ्या केल्या आणि त्यातून आंतरराष्ट्रीय तार संघ अस्तित्वात आला. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान १८६९ मध्ये या संघाचा सदस्य झाला. पुढे टेलिफोन व रेडिओ यांचे नियमनही राज्यांनी तहाच्याच मार्गाने केले. इंटरनेट मात्र या परंपरेला अपवाद ठरले. या जाळ्यातील सर्वांत मध्यवर्ती दस्तऐवज म्हणजे उच्चस्तरीय डोमेन नावांची मूळ नोंदवही होय. ती आजही कोणत्याही आंतरराष्ट्रीय तहाखाली नाही. प्रथम एका व्यक्तीवरील विश्वास, नंतर एका सरकारचे कंत्राट आणि शेवटी एका खाजगी संस्थेचे उपविधी असा तिच्या नियंत्रणाचा प्रवास झाला. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) मूळ नोंदवहीवरील नियंत्रणाचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२) या प्रश्नावरील भारताच्या भूमिकेतील बदलाचा मागोवा घेणे.
३) २०१६ मधील हस्तांतरणाने कोणता कायदेशीर प्रश्न सुटला व कोणता शिल्लक राहिला, हे तपासणे.

अभ्यास पद्धती :
सदर लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून धोरणपत्रे, परिषदांचे ठराव व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

मूळ नोंदवहीचे स्वरूप :
इंटरनेटवरील संगणक एकमेकांना अंकांच्या पत्त्याने ओळखतात, माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. सुरुवातीला नावे व अंक यांची एकच यादी सर्व संगणकांना पुरविली जात असे. संगणकांची संख्या वाढल्यावर ती अपुरी पडू लागली, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये श्रेणीबद्ध डोमेन नाव पद्धतीची आखणी केली. या पद्धतीच्या शिखरावर '.कॉम', '.इन' यांसारख्या उच्चस्तरीय नावांची मूळ नोंदवही असते. एखाद्या देशाची नोंद तीतून काढून टाकल्यास त्या देशाच्या नावाखालील संकेतस्थळे व ई-मेल पत्ते कालांतराने जगाला सापडेनासे होतील. नोंदवही आकाराने लहान असली तरी तिचे राजकीय महत्त्व मोठे आहे, ते यामुळेच.

पहिला टप्पा – विश्वास (१९८३ ते १९९८) :
दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक जॉन पोस्टेल हे अमेरिकन सरकारच्या संशोधन अनुदानातून ही नोंदवही सांभाळत. कोणाला देश मानावे हा वाद टाळण्यासाठी त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशसंकेतांची तयार यादी स्वीकारली. त्यानुसार ८ मे १९८९ रोजी भारताच्या '.इन' या नावाची नोंद झाली. मार्च १९९४ मधील टिपणात पोस्टेल यांनी असे मत मांडले की, डोमेन नावांबाबत हक्क व मालकी यांची भाषा अप्रस्तुत असून जबाबदारी व समाजाची सेवा यांचाच विचार व्हावा.

परंतु १९९५ पासून '.कॉम' सारख्या नावांच्या नोंदणीसाठी वर्षाला ५० डॉलर शुल्क आकारले जाऊ लागले आणि नावाला बाजारमूल्य आले. व्यापारचिन्हांचे तंटे सुरू झाले. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हरच्या चालकांना आपल्या संगणकावरून नोंदवही घेण्याची विनंती केली व आठ चालकांनी ती मानली. अमेरिकन प्रशासनाने हरकत घेतल्यावर सुमारे आठवड्याभरात पूर्वस्थिती आणण्यात आली. अधिकार नेमका कोणाचा, हे कोठेही लिहिलेले नाही, ही बाब या घटनेने उघड झाली.

दुसरा टप्पा – कंत्राट (१९९८ ते २०१६) :
जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने धोरणपत्र प्रसिद्ध केले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी 'आयकॅन' ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदविली गेली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी पोस्टेल यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये वाणिज्य खाते व आयकॅन यांच्यात सामंजस्य करार झाला आणि २००० मध्ये नोंदवहीच्या कामाचे स्वतंत्र कंत्राट देण्यात आले. नोंदवहीतील प्रत्येक बदलास वाणिज्य खात्याची संमती आवश्यक ठरली. कोणत्याही देशाच्या उच्चस्तरीय नावाच्या व्यवस्थापकात बदल करावयाचा झाल्यास कागद वॉशिंग्टनमधून जात असे.

तहाच्या अभावी नियमनाची पोकळी दोन मार्गांनी भरून निघाली. आयकॅनने १९९९ मध्ये डोमेन नावांच्या तंट्यांसाठी लवादासारखी एकसमान पद्धत लागू केली आणि राष्ट्रीय न्यायालयांनी आपापल्या कायद्याचा आधार घेतला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' या प्रकरणात डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र असल्याचे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले.

तहाची मागणी व भारताची भूमिका :
संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज शिखर परिषदेत (जिनिव्हा, २००३ व ट्युनिस, २००५) अनेक विकसनशील देशांनी एका देशाच्या देखरेखीस विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या ४० सदस्यांच्या कार्यगटाचे अध्यक्षपद भारताचे नितीन देसाई यांच्याकडे होते. २००५ च्या अहवालात गटाने एक नव्हे तर चार पर्यायी रचना सुचविल्या, यावरून मतभेदांची खोली लक्षात येते. ट्युनिसमध्ये सर्व सरकारांची समान भूमिका तत्त्वतः मान्य झाली. प्रत्यक्षात मात्र निर्णयाधिकार नसलेला चर्चामंच निर्माण झाला. त्याची तिसरी वार्षिक सभा डिसेंबर २००८ मध्ये हैदराबाद येथे भरली.

भारताची भूमिका या काळात स्थिर राहिली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ५० सदस्य-राष्ट्रांच्या समितीचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०१२ मध्ये दुबई येथे दूरसंचार नियमांच्या सुधारित तहावर ८९ देशांनी स्वाक्षऱ्या केल्या, भारताने केली नाही. जून २०१५ मध्ये केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी आयकॅनच्या ब्युनोस आयर्स बैठकीस पाठविलेल्या संदेशात बहुहितधारक पद्धतीस पाठिंबा जाहीर केला. म्हणजेच चार वर्षांत राज्यकेंद्री प्रस्तावापासून सरकार, उद्योग, तंत्रज्ञ व नागरी समाज यांच्या सहभागाच्या तत्त्वापर्यंत भारताने मार्गक्रमण केले.

तिसरा टप्पा – हस्तांतरण आणि शिल्लक प्रश्न :
जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची माहिती उघड केल्यावर अमेरिकन देखरेखीचे समर्थन करणे कठीण झाले. मार्च २०१४ मध्ये वाणिज्य खात्याने माघारीचा इरादा जाहीर केला. अमेरिकेतील चार राज्यांनी न्यायालयात केलेला विरोध अखेरच्या दिवशी असफल ठरला आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी कंत्राट संपुष्टात आले. त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक हैदराबाद येथेच झाली.

परंतु देखरेख संपणे व अधिकारक्षेत्र संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आयकॅन आजही कॅलिफोर्नियातील संस्था आहे. इराणविरुद्ध नुकसानभरपाईचे हुकूमनामे मिळविलेल्या फिर्यादींनी इराणचे '.आयआर' हे नाव जप्त करण्याची मागणी अमेरिकन न्यायालयात केली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. मात्र असे नाव जप्तीयोग्य मालमत्ता असू शकते हे वादापुरते गृहीत धरून, त्रयस्थ वापरकर्त्यांच्या हिताच्या कारणाने न्यायालयाने नकार दिला. मूलभूत प्रश्न अनिर्णीत राहिला.

दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२२ अखेर युक्रेनने रशियाचे '.आरयू' हे नाव रद्द करण्याची विनंती केली. मार्च २०२२ मध्ये आयकॅनने आपली भूमिका तांत्रिक व तटस्थ असल्याचे सांगून ती नाकारली. हा निर्णय राज्यांच्या मतदानावर अवलंबून असता तर तो राजकारणापासून इतका अलिप्त राहिला असता असे म्हणता येत नाही. तहाच्या अभावाने नोंदवहीची एकसंधता राखण्यास हातभार लावला, हे मान्य करावे लागते.

देवनागरीचा संदर्भ :
हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. डोमेन नावांत प्रारंभी रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह यांनाच स्थान होते. इतर लिप्यांसाठी तांत्रिक मानक २००३ मध्ये आले. देशांना स्वलिपीतील उच्चस्तरीय नाव देण्यास आयकॅनने ऑक्टोबर २००९ मध्ये सेऊल येथे मान्यता दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील '.भारत' हे नाव मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी खुले झाले. मूळ नोंदवहीत देवनागरीची कोणती अक्षरे व जोडाक्षरे ग्राह्य धरावीत याचे नियम ठरविताना 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ्' सारख्या मराठीच्या वैशिष्ट्याचाही विचार करावा लागला. तो विचार करणारे व्यासपीठ तहाचे नव्हते, खाजगी संस्थेने नेमलेल्या अभ्यासगटाचे होते. आपल्या लिपीचे एक अक्षर जागतिक नोंदवहीत बसते की नाही, हे तेथे ठरते.

निष्कर्ष :
१) मूळ नोंदवहीवरील अधिकार कायद्याने निर्माण झाला नाही, तो व्यवहारातून आला व कंत्राटाने त्याला औपचारिक रूप दिले.
२) तहाची मागणी यशस्वी झाली नाही, तरी तिच्या दबावामुळे एका सरकारची देखरेख दीर्घकाळ समर्थनीय राहिली नाही.
३) २०१६ च्या हस्तांतरणाने कार्यकारी नियंत्रणाचा प्रश्न सोडविला, न्यायालयीन अधिकारक्षेत्राचा नाही.
४) संपूर्ण व्यवस्थापन राज्यांकडे सोपविण्यापेक्षा, मूळ नोंदवहीला जप्ती व आर्थिक निर्बंधांपासून संरक्षण देणारी मर्यादित कायदेशीर उन्मुक्ती अधिक व्यवहार्य वाटते. अमेरिकेत नोंदलेल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रास १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेचा दर्जा देण्यात आला होता, हे उदाहरण या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

समारोप :
तारायंत्राच्या काळात हिंदुस्थानच्या वतीने परकीय सत्ता बोलत होती. इंटरनेटच्या काळात भारत स्वतः बोलू शकतो, परंतु त्यासाठी तंत्रज्ञ, कायदेतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांनी एकत्रितपणे तयार केलेली सातत्यपूर्ण भूमिका हवी. महाविद्यालये व विद्यापीठे यांनी या विषयाकडे केवळ संगणकशास्त्राचा भाग म्हणून न पाहता इतिहास, राज्यशास्त्र व कायदा यांच्या अभ्यासक्रमांत त्यास स्थान देणे आवश्यक आहे.