क्विक म्हणजे जिवंत

परवा बाहेर निघताना लेक दारातून ओरडली, "बाबा, क्विक!" मी चपला शोधत होतो, पण डोक्यात तो शब्दच घोळत राहिला. क्विक म्हणजे लवकर, झटपट. शाळेत आपण हेच पाठ केलं. पण मुळात या शब्दाचा वेगाशी काही संबंधच नव्हता!

जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'क्विक' आणि 'डेड' अशी जोडी येते, तिचा अर्थ जिवंत आणि मृत. पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात, कारण ती जणू जीव असल्यासारखी पळणारी चांदी. नखाखालचं हुळहुळं मांस तेही क्विकच. जिवंत ते हलतं, हलतं ते चपळ, असा हा शब्द वेगापर्यंत पोचला.

गंमत पुढेच आहे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असं मांडलं. त्या वाटेने पुढे गेलेल्या अभ्यासकांना क्विक, लॅटिन 'विवुस' आणि संस्कृत 'जीव' ही एकाच घरची भावंडं सापडली. म्हणजे क्विक हा आपला जीवच की!

कायद्याने मात्र जुना अर्थ सोडला नाही. इंग्लंडमध्ये फाशी सुनावलेली बाई गरोदर असल्याचं म्हणाली, तर पोटातलं मूल हलतंय का हे बायकांची ज्यूरी तपासत असे. हलत असेल तर फाशी लांबायची. १९३१च्या कायद्याने ती पद्धत संपली. आपल्याकडे १८६०च्या दंड संहितेत, कलम ३१२ प्रमाणे, बेकायदा गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद. पण बाई 'क्विक विथ चाइल्ड' असेल तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम ८८ झालं, शब्द तोच राहिला. एका शब्दावर चार वर्षांची कैद कमीजास्त होते.

आणि मला आठवली ती दुपार. बायकोने पोटावर हात ठेवून म्हटलं होतं, "अहो, हललं!"

तीच लेक आता दारात उभी राहून मला क्विक म्हणत होती. चपला सापडल्या. निघालो.