घाटावरचा माल आणि उपनगरांतला धूर

मुंबईचें वैभव ज्या मालावर उभें राहिलें, तो माल मुंबईंत पिकत नाहीं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस, देशावरचें धान्य, गिरण्यांना लागणारा कोळसा हें सारें बाहेरून यावयाचें. आणि शहराच्या पोटांत शिरण्यापूर्वीं तें एका बाजूनें मुलुंड-घाटकोपरच्या, तर दुसऱ्या बाजूनें बोरिवली-अंधेरीच्या दारावरून जावयाचें. मालाचा नफा शहराला आणि त्याचा धूर वाटेवरच्या वस्तीला, ही वांटणी फार जुनी आहे. ती मोडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास आजही विचार करण्याजोगा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही २१ मैलांची आगगाडी सुरू झाली. पुढें १८६३ सालीं बोरघाट आणि १८६५ सालीं थळघाट रेल्वेला मोकळे झाले, व देशावरचा माल रुळांवरून बंदरास येऊं लागला. ह्या घाटांत चढण इतकी, कीं ३७ फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें! अशा चढणीवर वाफेचीं इंजिनें किती कोळसा खात असतील, ह्याची कल्पना सहज करतां येईल. हा कोळसाही शेंकडों मैलांवरच्या खाणींतून आणावा लागे; म्हणजे माल ओढण्याकरितां आणखी माल ओढावयाचा. शिवाय कोळशाच्या उष्णतेपैकीं शंभरांतले दहा भागही धड चाकापर्यंत पोंचत नसत. बाकीचे वायां जात, आणि काजळी वाटेवरच्या घरांवर बसे.

सह्याद्रीनें जी अडचण घातली, तिचा उपायही त्यानेंच पुरविला. घाटमाथ्यावरचें पावसाचें पाणी कोंडून खोपोली येथें १९१५ सालीं, भिवपुरी येथें १९२२ सालीं आणि भिरा येथें १९२७ सालीं टाटांचीं वीजघरें सुरू झालीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. १९२९ सालीं पुण्यापर्यंत आणि १९३० सालीं इगतपुरीपर्यंत विजेची तार पोंचली. घाटांत माल ओढण्याकरितां जीं अवजड विजेचीं इंजिनें आलीं, त्यांतलीं पहिलीं स्वित्झर्लंडमध्यें तयार झालेलीं होतीं. रेल्वेच्या कामगारांनीं त्यांना ‘खेंकडा’ असें नांव दिलें. ह्या खेंकड्यांना ना बंब होता, ना धुराडें.

परंतु हा लाभ सर्वांस सारखा मिळाला नाहीं. पश्चिमेकडे १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत वीज आली, ती उतारूंच्या लोकल गाड्यांपुरती. तिकडच्या मालगाड्या पुढेंही वाफेच्याच इंजिनांनीं ओढल्या जात. आणि मध्य बाजूस तरी धूर पुरता गेला होता काय? रेल्वेनें कल्याणजवळ ठाकुर्ली येथें कोळशावर चालणारें स्वतःचें वीजघर उभारलें. घाटकोपरचा कांहीं धूर ठाकुर्लीस राहावयास गेला. धूर नाहींसा होणें आणि धुरानें गांव बदलणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर मालानेंच वाट बदलली. त्याचा मोठा हिस्सा रुळांवरून उतरून ट्रकांवर चढला. मुलुंड व दहिसर येथील जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागूं लागल्या, आणि रेल्वेनें घालविलेला धूर डिझेलच्या रूपानें परतला. एका धुराड्याच्या जागीं आतां हजारों नळ्या झाल्या. एकोणीसशें नव्वदनंतरच्या दशकांत धुरानें त्रस्त झालेल्या नागरिकांनीं मुंबई उच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. २००१ सालापासून मुंबईंतल्या डिझेलमध्यें गंधकाचें प्रमाण ०.०५ टक्क्यांवर आणलें गेलें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमानें तें देशभर ०.००१ टक्क्यावर आलें. मध्यंतरीं १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात रद्द झाली. कर बदलला हें सर्वांनीं पाहिलें. जकातीसाठीं तिष्ठणारी ट्रकांची रांगही त्याबरोबर मोडली, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत राहिलें.

तथापि स्वच्छ डिझेलनें काजळी व गंधक घटतो, पृथ्वीचें तापमान वाढविणारा कर्बवायु घटत नाहीं. एक लिटर डिझेल जाळलें, कीं अडीच किलोहून अधिक कर्बवायु हवेंत जातो, मग डिझेल कितीही शुद्ध असो. तो घटवावयाचा, तर तेवढाच माल कमी इंधनांत नेला पाहिजे. पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण थोडें, म्हणून रेल्वे येथें ट्रकाहून सरस ठरते. पण तिची वीज कोळशाची असेल, तर ठाकुर्लीचाच प्रश्न पुन्हां उभा राहतो.

म्हणून मालाच्या धुराचा हिशेब केवळ इंजिनाकडे पाहून मांडतां येत नाहीं. माल रुळांवर आहे कीं रस्त्यावर, त्याला ओढणारी शक्ति पाण्याची कीं कोळशाची, आणि तो वेशीवर किती वेळ खोळंबतो, हे तिन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतात. त्यांतला एकच सोडविला, तर उपनगरांना विसांवा मिळतो खरा; पण तो पुढचा ट्रक येईपर्यंतच.