कुरटे बेट

कुरटे हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण शहरासमोर अरबी समुद्रात असलेले एक लहान, खडकाळ बेट आहे. किनाऱ्यापासून ते साधारण अर्ध्या मैलावर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर आहे. बेटाच्या कडेने सिंधुदुर्ग किल्ल्याचा नागमोडी तट फिरलेला असल्यामुळे बेट आणि किल्ला एकच समजले जातात; कुरटे हे मूळ नाव आता बहुधा इतिहासाच्या पुस्तकांतच आढळते. याच जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ला आज जमिनीने जोडलेला आहे. कुरट्यावर जाण्यास मात्र अजूनही होडीवाचून मार्ग नाही. बेटावर मोजक्या कुटुंबांची वस्ती आहे.

इतिहास

छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमारी ठाण्यासाठी हे बेट निवडले. भोवतालच्या बुडत्या खडकांमुळे माहितगार तांडेलाशिवाय गलबत येथवर आणणे कठीण होते. नोव्हेंबर १६६४ मध्ये बांधकामास आरंभ झाला व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. पायाभरणीची पूजा किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ या खडकापाशी झाल्याचे मानले जाते. जवळचा पद्मगड आणि किनाऱ्यावरील राजकोट व सर्जेकोट हे या ठाण्याचे साहाय्यक दुर्ग होत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढे तो करवीरकर छत्रपतींना परत मिळाला आणि १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला.

गोडे पाणी

चहूकडे खारे पाणी असताना तटाच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बाव म्हणजे विहीर. लहान बेटांवर मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगत्या थराप्रमाणे साचून राहते. प्रशांत महासागरातील कित्येक प्रवाळबेटांवरील वस्ती अशाच थरावर जगते. उपसा बेसुमार झाला तर हा थर खारट होतो. कुरट्याच्या तटाचे कौतुक पुष्कळ होते. पण या विहिरी नसत्या तर येथे शिबंदी ठेवता आली नसती आणि आजची वस्तीही टिकली नसती.

वस्ती

किल्ल्याच्या चाकरीसाठी व देवस्थानांच्या सेवेसाठी नेमलेल्या लोकांचे वंशज येथे परंपरेने राहत आले आहेत. त्यांत हिंदू व मुसलमान अशी दोन्ही घराणी आहेत. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांची दाढी नसलेली, नावाड्यासारखी टोपी घातलेली मूर्ती असून तिची नित्य पूजा होते. त्यामुळे पर्यटक येवोत वा न येवोत, बेटावर कोणीतरी राहणे भागच असते.

बाजार, दवाखाना आणि नोकरी यांसाठी मालवणलाच जावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की प्रवासी होड्या बंद होतात व त्या ऑगस्टनंतरच सुरू होतात. या काळात अनेक रहिवासी मालवणात मुक्काम हलवतात. पर्यटकांच्या हंगामातील लहानसहान धंद्यावर वर्ष काढता येत नाही. बेटावर पुरेसा रोजगार नसल्याने बरीच कुटुंबे कायमची किनाऱ्यावर गेली आहेत.

संरक्षण

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. कायद्यानुसार संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामास मनाई असून दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. येथे घरे स्मारकाच्या आतच असल्याने वाढत्या कुटुंबाला वाढीव खोली बांधणे सोपे राहिलेले नाही. भोवतालच्या समुद्राचा मालवण सागरी अभयारण्यात १९८७ मध्ये समावेश झाला. त्यातील प्रवाळ व मत्स्यजीवन महत्त्वाचे आहे. तथापि मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग या दोहोंचा समावेश आहे.