अकरा गाड्यांचा माग

क्रायस्लरच्या प्लिमथने १९७१च्या मॉडेलवर्षात उघड्या छताची ‘हेमी कुडा’ बनवली ती अवघी ११ नग. त्याच्या आदल्या वर्षी १४. कंपनीने मुद्दाम हात आखडता घेतला होता असं नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही प्लिमथ विक्रेत्याकडे जाऊन मागणीपत्रावर दोन खुणा केल्या की ही गाडी मिळत होती, पण गिऱ्हाईकच आलं नाही. २०१४च्या जूनमध्ये सिएटलला ‘मीकम’च्या लिलावात त्या अकरांतली एक निळी, हाताने गिअर टाकायची गाडी विकली गेली, ती ३५ लाख डॉलरना. नवी कोरी असताना ती पाच हजारांच्या आसपास पडली असती.

मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या गाडीला आधी कुणी विचारेना, मग तिचा शोध सुरू झाला, आणि शोधाबरोबर अस्सल कोणती नि बनावट कोणती याचे वाद आले. या प्रवासात लोखंडाइतकंच काम कागदांनी केलं आहे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, घरगुती वापराच्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन. ही जात साधारणपणे १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून मोजतात. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचा नियम होता. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंची इंजिन ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या गाडीवर ऐच्छिक सामान म्हणून विकायला ठेवलं. नवं मॉडेल काढलंच नाही, त्यामुळे नियमाची अडचण टळली. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या गेल्या आणि सगळ्या डेट्रॉइटला ही वाट दिसली.

हेमी मात्र शर्यतीच्या मैदानातून आली. १९६४च्या फेब्रुवारीत ‘डेटोना ५००’ शर्यतीसाठी क्रायस्लरने ४२६ घनइंची, म्हणजे सात लिटरचं नवं इंजिन उतरवलं. त्याच्या सिलिंडरच्या माथ्यावरची, इंधन पेट घेतं ती पोकळी अर्धगोल आहे. त्यामुळे दोन मोठे व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसतात आणि हवा फारशी वळणं न घेता आत येते, बाहेर जाते. रिचर्ड पेटीने २०० पैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखून ती शर्यत जिंकली. पहिल्या तिन्ही जागा हेमीवाल्या प्लिमथ गाड्यांच्या होत्या. जे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही ते आमच्या शर्यतीत चालणार नाही, अशी अट मग या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संघटनेने १९६५च्या हंगामासाठी घातली. म्हणून १९६६पासून क्रायस्लरने तेच इंजिन जरा सौम्य करून रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली. कागदोपत्री ताकद ४२५ अश्वशक्ती. बाजाराने मागणी केली म्हणून हे इंजिन दुकानात आलं नव्हतं. शर्यतीत उतरायचा परवाना मिळावा म्हणून ते दुकानात ठेवावं लागलं. पुढे जी टंचाई झाली, तिचं मूळ इथे आहे.

प्लिमथ हे नाव मुंबईला परकं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४०च्या दशकात क्रायस्लरशी करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांच्या गाड्यांची जुळणी होत असे. पण त्या चार दरवाजांच्या, भारदस्त गाड्या होत्या. १९७०ची बॅराकुडा वेगळ्याच मिजाशीची. जॉन हर्लिट्झ यांनी तिला लांब बॉनेट, आखूड पाठ आणि रुंद खांदे दिले. तिच्या जोरकस आवृत्तीचं नाव ‘कुडा’. हेमीवर बॉनेट कापून त्यातून हवा घेणारा फुगवटा वर आणलेला असे. तो बॉनेटला नव्हे, थेट इंजिनाला जोडलेला, म्हणून इंजिन सुरू झालं की थरथरायचा; त्याला ‘शेकर’ म्हणत. १९७१मध्ये पुढे चार हेडलाइट आले आणि मडगार्डवर माशाच्या कल्ल्यांसारख्या चार फटी. हे रूप त्या एकाच वर्षाचं.

एवढी देखणी गाडी खपली कशी नाही? किंमत हे एक कारण. १९७०मध्ये कुडा कन्व्हर्टिबलची मूळ किंमत ३,४०० डॉलरच्या घरात होती आणि एकट्या हेमी इंजिनाचे वर ८७१ डॉलर मोजावे लागत. तीन कार्बोरेटरचं ४४० घनइंची इंजिन मात्र अडीचशे डॉलरमध्ये मिळे, रोजच्या रस्त्यावर हेमीच्या फार मागे पडत नसे आणि सांभाळायलाही सोपं. विमा कंपन्या दांडग्या इंजिनांवर, त्यातही तरुण चालकांवर, जबर हप्ते लावू लागल्या होत्या. १९७०च्या ‘स्वच्छ हवा’ कायद्याने धुराचे नियम कडक होणार हे दिसत होतं. आणि ज्याला सर्वांत वेगवान गाडी हवी तो उघडं छत घेतच नसे. कन्व्हर्टिबलला खालून जादा पत्र्याची मजबुती द्यावी लागते, त्यामुळे ती बंद गाडीपेक्षा जड आणि तरीही कमी ताठ. उघड्या छताचा शौकीन संध्याकाळी रमतगमत फिरणारा. त्याला धडधडणारं, तापट इंजिन कशाला हवं? या दोन हौशी एकाच माणसात क्वचित भेटत. १९७०मध्ये टपाच्या हेमी कुडा साडेसहाशेवर बनल्या, बिनटपाच्या १४.

इतर कंपन्यांकडेही हीच गत. पाँटियाकची १९६९ची ट्रान्स ॲम कन्व्हर्टिबल ८ नग, १९७१ची ‘जीटीओ जज’ कन्व्हर्टिबल १७. एअर कंडिशनर आणि वेगवान हायवे यांनी उघड्या छताची गोडी आधीच कमी केली होती. गाडी उलटल्यास छत टिकलं पाहिजे असा सरकारी नियम येणार, ही धास्ती वर. १९७१नंतर बॅराकुडाची कन्व्हर्टिबल बंद झाली, त्याच वर्षी हेमीही बंद झाली. १९७६च्या एप्रिलमध्ये कॅडिलॅकने आपली एल्डोराडो ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल म्हणून गाजावाजा करून बाहेर काढली. सहा वर्षांनी, १९८२मध्ये, उघडी छतं परत आली, आणि आणण्यात पुढाकार होता क्रायस्लरचा.

१९७३च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं आणि या गाड्यांचे हाल सुरू झाले. एका गॅलनमागे जेमतेम काही मैल चालणारी जुनी गाडी घरात कोण ठेवणार? त्या पोराटोरांच्या हाती स्वस्तात गेल्या. हेमी इंजिनाला पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींत गाडीपेक्षा जास्त मान, म्हणून कित्येकांची इंजिनं उपसून दुसऱ्याच गाडीत गेली. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने खालचा पत्रा खाल्ला. छताच्या कापडातून झिरपणारं पाणी गालिच्याखाली साचून फरशीचा पत्रा वरून कुजवत होतं. म्हणजे कन्व्हर्टिबल दोन्ही बाजूंनी सडत होती.

शोध सुरू झाला तो १९८०च्या दशकात. ज्यांना तरुणपणी ही गाडी परवडली नव्हती त्यांच्या हाती पैसा आला. १९९६ ते २००१ चाललेल्या ‘नॅश ब्रिजेस’ या दूरदर्शन मालिकेत डॉन जॉन्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पिवळी कुडा कन्व्हर्टिबल चालवायचा, त्याने हौसेला आणखी उधाण आलं. मालिकेतल्या त्या गाड्यांवर हेमीची अक्षरं होती. आत कारखान्यातून आलेली हेमी एकीतही नव्हती. चित्रीकरणासाठी तसं करणं रास्तच. पण हीच युक्ती बाजारात आली तेव्हा प्रकरण गंभीर झालं. साध्या इंजिनाची कुडा कन्व्हर्टिबल घ्यायची, कुठून तरी हेमी मिळवून बसवायची, अक्षरं डकवायची; पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि किंमत मात्र कित्येक पट. २००६च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात १९७०ची अशी एक अस्सल गाडी २१ लाख ६० हजार डॉलरना गेली, त्यानंतर तर ‘अस्सल कशी ओळखायची’ हे स्वतंत्र शास्त्रच झालं.

पाँटियाकवाल्यांचं काम सोपं आहे. १९६१पासूनच्या प्रत्येक पाँटियाकची कारखान्यातली नोंद टिकली आहे. पैसे भरले की तिची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदीही जपल्या गेल्या. क्रायस्लरच्या संग्रहात मात्र गाडीगणिक नोंदी १९६७पर्यंतच्याच आहेत. नेमक्या त्यानंतरच्या, म्हणजे सर्वांत मौल्यवान गाड्यांच्या, नाहीत. त्यामुळे पुरावा गाडीच्या अंगावरच शोधावा लागतो. डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर क्रमांक असतो. तो बी-एस-२७-आर-१-बी असा सुरू होत असेल तर बॅराकुडा, कुडा आवृत्ती, कन्व्हर्टिबल, ४२६ हेमी, १९७१, हॅमट्रॅमकचा कारखाना, एवढं सगळं कळतं. त्या क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनाच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर आणि सांगाड्यावरही ठोकलेला असतो. बॉनेटखाली डाव्या आतल्या मडगार्डवर छोटी पत्र्याची पाटी असते, तिच्यावर रंग, आतलं कापड, सामान यांचे कोड. हे सगळं जुळलं तर ठीक. पण पाटी बदलता येते आणि आकडे पुन्हा ठोकता येतात.

म्हणून खरा मान ‘ब्रॉडकास्ट शीट’ला. गाडी जुळणीच्या पट्ट्यावर चढली की तिच्या सामानाची यादी छापून कामगारांकडे जाई: कुठलं इंजिन, कुठली खुर्ची, कुठली तार. काम झालं की कागद निरुपयोगी. कामगार तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून टाकत, कधी गालिच्याखाली राहून जाई. कित्येकदा शेजारच्या गाडीचा कागद या गाडीत जाई. पन्नास वर्षांनी सीट उसवली की उंदरांनी कुरतडलेला, तपकिरी पडलेला तो तुकडा हाती येतो, आणि लाखो डॉलरचा निवाडा त्यावर होतो. लिलावाच्या माहितीपत्रकाची बखर कितीही रंगतदार असो, जाणकार आधी हा अस्सल कागद मागतात.

तो खोचणारे हात कुणाचे होते, हे या गाड्यांवरच्या चकचकीत पुस्तकांत फारसं येत नाही, यायला हवं. हॅमट्रॅमक हे डेट्रॉइटने जवळजवळ चारी बाजूंनी वेढलेलं छोटं गाव, एकेकाळी पोलंडमधून आलेल्या कामगारांचं. तिथला डॉज बंधूंचा कारखाना १९१०मध्ये उभा राहिला. अनेक मजली इमारती, एका मजल्यावरून दुसऱ्यावर गाड्या नेणारे पट्टे. १९६०च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय कामगारांची संख्या वाढली आणि जड, धोक्याची कामं त्यांच्या वाट्याला येत गेली. पट्ट्याचा वेग वाढवल्याच्या रागातून १९६८च्या मे महिन्यात संप झाला आणि त्यातून ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’ ही कामगार चळवळ उभी राहिली. हेमी कुडा या कारखान्यातून बाहेर पडल्या त्या पुढच्या तीन वर्षांत. घाईत मारलेला रंग, वाकडी बसलेली फट, सीलंटचा ओघळ या खुणा त्या वेगाच्याही आहेत. १९८०च्या जानेवारीत कारखाना बंद झाला, मग पाडला गेला. त्या परिसरात जनरल मोटर्सचा नवा कारखाना आला.

गाडी नव्याने उभी करणाऱ्याला पहिली लढाई पत्र्याशी. या गाड्यांना वेगळी चासी नाही. सांगाडा आणि अंग एकच. छत नसल्याने सगळा ताण खालच्या पत्र्यावर. कुजलेली फरशी आधाराविना कापली तर गाडी मधोमध खचते आणि दरवाजांच्या फटी बिघडतात. म्हणून आधी दरवाजांच्या जागी लोखंडी टेकू वेल्ड करतात, मापं घेतात, मगच कटर लावतात. सांगाडा गोल फिरवता येणाऱ्या स्टँडवर चढवून खालचं वेल्डिंग करतात. नवे पत्रे आता तयार मिळतात. पण जितका जुना पत्रा वाचेल तितकी गाडी खरी राहते, म्हणून चांगला कारागीर तळहाताएवढा तुकडाही ठिगळ लावून जपतो.

आणि मग रंग. १९८०-९०च्या दशकांत मालक गाड्या आरशासारख्या करून घेत, कारखान्यात कधी नव्हत्या इतक्या गुळगुळीत. आता परीक्षक त्याचे गुण कापतात. शिकागोजवळ दर नोव्हेंबरात भरणाऱ्या मसल कारच्या मोठ्या प्रदर्शनात ते वाकून गाडीखाली बघतात: रंगाचा फवारा तळाला जिथवर उडत असे तिथवरच आहे का, तपासनिसाने खडूने केलेली खूण जागेवर आहे का, बोल्टचं डोकं मूळचं आहे का. आज लाख डॉलर घेणारा कारागीर हॅमट्रॅमकच्या कामगाराचा ओघळ जसाच्या तसा पुन्हा काढतो. कुणाला हे वेड वाटेल. पण ती गाडी त्या माणसांनी त्या घाईत बनवली होती, आणि तिच्यावरची त्यांची नोंद याहून वेगळ्या रूपात कुठे राहिलेलीच नाही.

हात न लावलेल्या गाडीची किंमतही त्यामुळेच वाढली. ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मक्वीनने चालवलेली मस्टँग एका कुटुंबाने दशकानुदशकं न रंगवता ठेवली होती. २०२०च्या जानेवारीत ती डाग, गंज आणि चित्रीकरणासाठी केलेल्या जोडकामासकट ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. तेव्हापासून कन्व्हर्टिबलवालेही सावध झाले आहेत. जुनी कुडा सापडली की चांगले कारागीर आधी पाना उचलत नाहीत. तारेच्या प्रत्येक क्लिपचे, रंगाच्या प्रत्येक थेंबाचे फोटो काढतात, खडूच्या खुणा ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतात आणि त्यानंतरच मागची सीट हलक्या हाताने उचलून स्प्रिंगांत कागद अडकला आहे का ते बघतात.