चढाई की बचाव? : जबलपूरच्या एका खेळाचा इतिहास

मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग 1870 साली जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. नर्मदेच्या परिसरातील हे शहर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यानंतर ते इंग्रजांच्या हाती गेले आणि तेथे मोठी लष्करी छावणी वसली. जबलपूर म्हटले की मराठी प्रवाशाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि ते योग्यच आहे. परंतु याच शहराच्या छावणीत, 1875 च्या पावसाळ्यात, एका टेबलावर एक खेळ जन्मास आला व पुढे तो जगभर पसरला. तो खेळ म्हणजे स्नूकर.

डेव्हनशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांचा तेव्हा जबलपुरात मुक्काम होता. पाऊस लागला की मैदानावरचे खेळ बंद पडत आणि मंडळी बिलियर्ड्जच्या टेबलाभोवती जमत. त्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण अधिकारी होता. (हिटलरशी वाटाघाटी करणारे इंग्लंडचे पंतप्रधान ते निराळे, दोघांत नामसादृश्यापलीकडे या कथेपुरता तरी संबंध नाही.) त्या काळी टेबलावर पैसे लावून खेळण्याचे दोन प्रकार विशेष प्रचलित होते. 'पिरॅमिड्स' या प्रकारात पंधरा तांबडे चेंडू त्रिकोणात मांडले जात आणि जो अधिक चेंडू खिशांत घालील तो जिंके. 'लाइफ पूल' या प्रकारात प्रत्येक खेळाडूचा रंग ठरलेला असे. एकाचा चेंडू हे त्याच्यामागून येणाऱ्याचे लक्ष्य असे आणि तो खिशात गेला की चेंडूवाल्यास दंड भरावा लागे. या दुसऱ्या प्रकारात एक काळा चेंडूही घालून खेळण्याची रीत होती. चेंबरलेन व त्याच्या सोबत्यांनी तांबड्यांच्या जोडीला एकेक रंगीत चेंडू आणून ठेवला आणि दोन्ही खेळ एका टेबलावर आणले.

स्नूकरच्या पुढील दीडशे वर्षांच्या वादाचे मूळ या मिश्रणात आहे. पिरॅमिड्स हा चढाईचा खेळ. समोर दिसेल तो चेंडू मारावा, खिशात घालावा आणि पुढचा पाहावा. लाइफ पूल मात्र खेळाडूला सावधपणा शिकवी. कारण आपला चेंडू फटक्यानंतर कोठे जाऊन थांबतो, यावर पुढच्याची कमाई व आपला दंड अवलंबून असे. फटका चांगला बसूनही चेंडू उघड्यावर राहिला, तर नुकसान ठरलेले. अशा रीतीने एका खेळाकडून मारण्याची वृत्ती आली, दुसऱ्याकडून लपण्याची, आणि स्नूकर खेळणाऱ्याला पहिल्या दिवसापासून दोहोंचा संसार करावा लागला.

नावाची कथा तर याहून गमतीची आहे. तोफखान्याचा एक अधिकारी पाहुणा म्हणून आला असता त्याने बोलता बोलता सांगितले की, वुलविचच्या लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या नवशिक्यांना 'स्नूकर' म्हणतात. त्यानंतर खेळताना एका भिडूचा अगदी खिशाच्या तोंडाशी असलेला रंगीत चेंडू चुकला. चेंबरलेनने त्याला 'स्नूकर' म्हणून हिणवले आणि लगेच, तो रागावू नये म्हणून, या खेळात आपण सारेच नवशिके आहोत अशी पुस्ती जोडली. ही हकिगत स्वतः चेंबरलेनने 1938 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, 'द फील्ड' या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केली. जन्मदात्याचे श्रेय इतरांच्या नावावर जाऊ लागले होते, म्हणून त्याला लेखणी उचलावी लागली. म्हणजे मूळ शब्द फसलेल्या चढाईची थट्टा करणारा होता. पुढे त्याचा अर्थ अगदी फिरला. प्रतिस्पर्ध्याचा पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूच्या आड असा अडकवून ठेवायचा की त्याला नेमक्या चेंडूवर सरळ फटका मारताच येऊ नये, या यशस्वी बचावाला 'स्नूकर करणे' म्हणू लागले. कॅरमच्या पाटावर आपली सोंगटी भोकाच्या तोंडाशी ठेवून समोरच्याची वाट अडविणारा खेळाडू घरोघरी आढळतो. त्याला हा डावपेच समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र कॅरमच्या पाटाहून हे टेबल कितीतरी मोठे. लांबीला सुमारे बारा फूट आणि रुंदीला सहा. त्या काळचे चेंडू हस्तिदंती असत. हस्तिदंत हवामानाप्रमाणे बदलतो, त्याचे वजन सर्वत्र सारखे नसते. अशा चेंडूने लांबचा नेम धरणे म्हणजे नशिबाला साद घालणे. शिवाय नेम चुकला की पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते आणि विस्कटलेले टेबल आयते त्याच्या पुढ्यात येते. चुकीची किंमत मोठी आणि यशाची खात्री थोडी असली म्हणजे शहाणा माणूस बचावाकडे वळतो, आणि स्नूकरमध्येही तसेच घडले.

हा प्रश्न एकट्या स्नूकरचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये 1906 साली चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. परंतु चेंडू बगलेत धरून धावायचे, चार पावले का होईना पुढे सरकायचे आणि उरलेले काम बचावफळीवर सोपवायचे, हीच जिंकण्याची खरी रीत असे तेथील पुष्कळ शिक्षक पुढे कित्येक वर्षे मानीत. कारण तेच होते. फेकलेला चेंडू शत्रूच्या हाती पडू शकतो, धावणाऱ्याच्या बगलेतला सहसा पडत नाही.

स्नूकरमध्ये हा हिशेब उलटविला तो जो डेव्हिस या इंग्रज खेळाडूने. 1927 मध्ये पहिले जागतिक विजेतेपद त्याने जिंकले, तेव्हा बिलियर्ड्जच्या तुलनेत स्नूकर दुय्यम समजला जाई. 1946 पर्यंत त्याने पंधरा वेळा हे पद मिळविले आणि एकदाही गमावले नाही. त्याने बिलियर्ड्जमधील एक विद्या स्नूकरमध्ये आणली. ती अशी की, चेंडू खिशात घालताना पांढरा चेंडू पुढच्या फटक्याच्या सोयीच्या जागी नेऊन थांबवायचा. मग फटका एकटा राहत नाही, त्याची माळ होते. तांबडा चेंडू एक गुणाचा, काळा सात गुणांचा. पंधराही तांबड्यांबरोबर काळा घेतला आणि शेवटी सारे रंग साफ केले, तर 147 गुण होतात. अधिकृत मान्यता मिळालेली अशी पहिली खेळी डेव्हिसनेच 1955 साली केली. आता नशिबाला साद घालण्याचे कारण उरले नाही. एक संधी मिळाली की त्या एकाच पाळीत डाव संपविता येऊ लागला. पण नीट पाहिले तर यामुळे बचावाचे मोल घटले नाही, वाढले. एका चुकीने जर डाव जात असेल, तर ती पहिली चूक प्रतिस्पर्ध्याकडून करवून घेणे हेच अर्धे युद्ध होय. म्हणूनच आजही बहुतेक खेळाडू डावाचा पहिला फटका हलकेच मारून पांढरा चेंडू टेबलाच्या आपल्या टोकाशी परत आणतात. चढाईच्या या युगातला प्रत्येक डाव बचावानेच सुरू होतो.

प्रेक्षकांना मात्र हे पटणे अवघड. 1972 साली बावीस वर्षांच्या ॲलेक्स हिगिन्सने वाऱ्याच्या वेगाने खेळून जागतिक पद घेतले आणि लोक त्याच्यावर लुब्ध झाले. 1980 च्या अंतिम सामन्यात त्याच्यापुढे कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न होता. थॉर्बर्नला 'दळणारा' असे टोपणनाव होते. जात्यावर बसावे तसा तो टेबलाशी बसे. हिगिन्स 9-5 असा पुढे गेला, परंतु दळण चालूच राहिले आणि सामना थॉर्बर्नने 18-16 असा जिंकला. पाच वर्षांनी डेनिस टेलरने 0-8 अशा पिछाडीवरून स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या डावातील शेवटच्या काळ्या चेंडूवर हरविले. तो एकच डाव 68 मिनिटे चालला आणि मध्यरात्र उलटल्यावरही ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक दूरचित्रवाणीपुढे बसून होते. कंटाळवाणा म्हणून ज्या खेळाला नावे ठेवीत, तोच खेळ पाहण्यासाठी एवढी माणसे जागली!

1990 च्या दशकात स्कॉटलंडच्या स्टीफन हेन्ड्रीने सात वेळा पद जिंकताना लांबचे तांबडे निर्धास्त मारले, आणि काही काळ बचावाची विद्या कालबाह्य झाली असे वाटू लागले.

भारताने या खेळाला जन्म दिला, तरी येथील खेळाडूंचा ओढा दीर्घकाळ बिलियर्ड्जकडे राहिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्जचे जागतिक विजेते झाले. स्नूकरमध्ये तो मान ओम अगरवाल यांनी 1984 साली डब्लिन येथे मिळविला. 2003 मध्ये अठरा वर्षांच्या पंकज अडवानींनी चीनमध्ये तेच पद घेतले. त्यांचाही जन्म पुण्याचा. पुढे बिलियर्ड्जमध्येही त्यांनी अनेक जागतिक पदे मिळविली. पांढरा चेंडू हवा तेथे थांबविण्याची ती जुनी विद्या दोन्ही टेबलांवर उपयोगी पडते.

बचाव कालबाह्य झाला नव्हता, हे 2005 च्या जागतिक स्पर्धेत दिसले. उपांत्यपूर्व सामन्यात रॉनी ओसुलिव्हन 8-2 असा पुढे होता. हा तोच ओसुलिव्हन, ज्याने 1997 मध्ये 147 गुणांची पूर्ण खेळी साडेपाच मिनिटांच्याही आत संपविली होती. त्याचा प्रतिस्पर्धी पीटर एब्डन याने आता प्रत्येक फटक्यापूर्वी टेबलाभोवती फेऱ्या घालण्यास आरंभ केला. एका पाळीत त्याने अवघे 12 गुण केले, त्यांस पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. ओसुलिव्हन खुर्चीत बसून चुळबुळत राहिला आणि सामना एब्डनने 13-11 असा जिंकला. पुढच्याच फेरीत एब्डनची गाठ पात्रता फेरीतून वर आलेल्या बावीस वर्षांच्या शॉन मर्फीशी पडली. मर्फीने दिसेल तो लांबचा चेंडू मारण्याचा धडाका लावला, एब्डनला 17-12 असे हरविले आणि त्या वर्षीचे जागतिक पदही तोच घेऊन गेला.