पीप्ससाहेबांचं कुत्रं आणि आमची लादी

चिकू आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. पॉमेरेनियन, म्हणजे नुसता कापसाचा बोळा! घरात माणसं सहा. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा आणि क्लास, सासूबाईंची पूजा. "त्याला खाली कोण नेतंय?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "आत्ताच कुणीतरी नेलं ना?" मग व्हायचं तेच झालं. आधी पायपुसणं, मग सोफ्याचा कोपरा आणि एक दिवस थेट देवघरासमोर. त्या रात्री मी चिडून त्याला गॅलरीत बंद केलं. तो कुंई कुंई करत राहिला, नवरा न बोलता कूस बदलून झोपला आणि मी टक्क जागी.

तेव्हा मला सॅम्युअल पीप्स आठवला.

पीप्स हा लंडनचा सरकारी कारकून. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत त्याने जवळजवळ रोज डायरी लिहिली, तीही लघुलिपीत. १६६५ चा प्लेग, १६६६ ची लंडनची आग, सगळं त्यात आहे. आणि कुत्र्याची शूसुद्धा आहे!

फेब्रुवारी १६६० मध्ये त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, तिच्या भावाने एक काळं कुत्रं दिलं. ती तेव्हा १९ वर्षांची. पीप्सलाही कुत्रं आवडलं. ११ तारखेला लंडनकर पार्लमेंटची जिरली म्हणून रस्तोरस्ती होळ्या पेटवून नाचत होते. दुसऱ्याच रात्री पीप्सच्या घरात वेगळाच भडका. पुन्हा घरात शू केली तर या कुत्र्याला खिडकीतून फेकीन, असं त्याने बायकोला बजावलं आणि दोघांचं जोरदार वाजलं.

मे महिन्यात राजा दुसरा चार्ल्स हॉलंडहून परत आला. २५ तारखेला जहाजावरून किनाऱ्याकडे येताना राजाचं लाडकं कुत्रं पीप्सच्या होडीत होतं. त्याने होडीतच शी केली. सगळे हसले, पीप्सही हसला. राजा झाला तरी त्याचं सगळं इतरांसारखंच, असा विचार त्याने लिहून ठेवलाय.

म्हणजे बघा, राजाच्या कुत्र्याने केलं तर हसू आणि बायकोच्या कुत्र्याने केलं तर खिडकी!

६ नोव्हेंबरला पुन्हा तेच. आता पीप्स नौदलाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. घर घाण करतं म्हणून कुत्र्याला तळघरात ठेवायचं त्याने ठरवलं. एलिझाबेथ नको म्हणाली, त्याने हट्टाने आपलंच खरं केलं. रात्रभर अबोला. झोपेत त्याला स्वप्न पडलं की बायको मेली आहे.

राजवाड्यात तरी वेगळं काय होतं? १६८५ साली चार्ल्स वारल्यावर जॉन एव्हलिनने आपल्या डायरीत लिहिलं की राजाच्या शयनगृहात कुत्र्या वीत आणि पिल्लांना पाजत, त्या घाणीने सगळा दरबार नासला होता. हाताशी एवढे नोकर असून ही गत!

आज आपल्याला निदान ठाऊक तरी आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितकेच तास ते धरून ठेवू शकतं. छोट्या जातीचं मूत्राशयही छोटंच. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर न्यायचं आणि तिथे केलं की त्याच क्षणी कौतुक करायचं. नंतर रागावलं तर त्याला काहीच कळत नाही, ते फक्त आपल्याला घाबरायला लागतं. वास राहिला तर ते पुन्हा त्याच जागी जातं, म्हणून डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायचा.

यातलं चिकूने काय करायचं होतं? काहीच नाही. सगळं आमचंच काम होतं.

मी उठून गॅलरीचं दार उघडलं. सकाळी फ्रिजवर कागद लावला, सहा नावं आणि सहा वेळा. पहाटेची वेळ सासूबाईंनी आपणहून मागून घेतली. पाच-सहा आठवड्यांत लादी कोरडी राहू लागली.

एलिझाबेथ १० नोव्हेंबर १६६९ ला गेली, जेमतेम २९ वर्षांची. त्या स्वप्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या रात्री तिला काय वाटलं, हे डायरीत नाही. डायरी नवऱ्याची होती ना!