रडणारा पुरुष, न बोलणारी स्त्री

टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाच येतो. पण टँगो हे गाणेही आहे, आणि गझल ऐकत वाढलेल्या कानांना त्यातला दर्द परका वाटत नाही. जुदाई, जागून काढलेली रात्र, बेवफा माशूक, सारे तिथेही आहे. फक्त टँगोतला आशिक बागेत नाही, भाड्याच्या खोलीत रडतो.

हे रडणे पहिल्यापासून नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी आंखेल व्हिज्योल्दोच्या टँगोंतला गडी आपल्या नाचाची आणि मर्दुमकीची बढाई मारीत असे. मग पास्क्वाल कोन्तुर्सीने साम्युएल कास्त्रिओताच्या एका तयार चालीवर शब्द बसवले. बाई सोडून गेली आहे, तो खोलीत एकटा आहे आणि तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंशीच बोलतो आहे. ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’. कार्लोस गार्देलने १९१७ मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि बढाईखोर गडी रडू लागला तो कायमचा.

लोकांना ते इतके का भिडले? १९१४ च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्स शहरातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. त्यांत इटालियन आणि स्पॅनिश अधिक, आणि बायकांपेक्षा पुरुष जास्त. ‘कोन्व्हेन्तिज्यो’ नावाच्या चाळींत एकेका खोलीत दाटीने राहणारी ही माणसे. टँगोची लुनफार्दो ही बोली याच वस्त्यांतली, इटालियन शब्दांनी भरलेली. घर, आई, गाव समुद्रापार राहिलेल्या माणसाला ‘ती गेली’ एवढे म्हटले तरी पुरे. ‘ती’ म्हणजे नेमके कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे तर हे उघडच झाले. ओमेरो मान्सीने १९४८ मध्ये आनिबाल त्रोइलोच्या चालीवर ‘सूर’ (दक्षिण) लिहिले. त्यात प्रेयसी आणि शहराची जुनी दक्षिण वस्ती एकाच श्वासात हरवतात. मान्सी १९५१ मध्ये गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी. माझ्या मते टँगोत याहून सच्चे गाणे नाही, कारण यात कोणालाच दोष दिलेला नाही.

एरवी दोष ठरलेला असतो, आणि तो बाईचा. गरीब वस्तीतली मुलगी कॅबरेच्या झगमगाटाला भुलून गेली, ही कथा किती टँगोंत यावी! साम्युएल लिन्निगच्या १९२० च्या ‘मिलोंगिता’त निदान तिची कीव आहे, पुरुषांनी तिचे वाटोळे केले याची कबुली आहे. तिचे नाव पुढे अशा सगळ्याच मुलींना चिकटले. पण बोलतो तो कवीच. चाळीत तिच्या वाट्याला काय होते, ती का गेली, हे तिला कोणी विचारत नाही.

गाणाऱ्या बायका होत्या. आसुसेना माइसानी पुष्कळदा पुरुषी वेशात रंगमंचावर येई आणि पुरुषांचेच दुःख गाई. १९२८ मध्ये तिने स्वतः एक टँगो लिहिला, चालही तिचीच. विषय पुन्हा पुरुषच: मौजमजेत बुडालेला, आतून प्रेमाने पोळलेला एक श्रीमंत तरुण. गाण्याला तिने नाव दिले ‘पेरो यो से’, म्हणजे ‘पण मला ठाऊक आहे’.